टीव्हीवरचा डिटेक्टिव्ह कागदावर कसा उतरतो

पुस्तकावरून मालिका निघणं आपल्याला नवीन नाही. शरदिंदु बंदोपाध्यायांनी ब्योमकेश बक्षी १९३२ साली लिहायला घेतला, बासू चॅटर्जींनी तो १९९३ मध्ये दूरदर्शनवर आणला, आणि आता मूळ कथा वाचायला घेतली तरी डोळ्यासमोर रजित कपूरच येतो. पण याच्या बरोब्बर उलटा पण एक प्रकार आहे, ज्याबद्दल मराठीत फारसं कोणी लिहीत नाही. आधी मालिका येते, लोकांना डिटेक्टिव्ह आवडतो, आणि मग कोणातरी लेखकाला बसवून त्या डिटेक्टिव्हच्या कादंबऱ्या लिहून घेतल्या जातात. इंग्रजीत याला टाय-इन म्हणतात. 'मर्डर, शी रोट' ही अँजेला लॅन्सबरीची मालिका १९८४ ते १९९६ चालली आणि बंद झाली, पण तिच्या कादंबऱ्या १९८९ ला सुरू झाल्या त्या अजून येतायत, पन्नासच्या वर गेल्या. मालिकेपेक्षा पुस्तकांचं आयुष्य मोठं झालं.

आमच्या ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे, रहस्यकथा वाचणारे घरोघरी सापडतील, पण या पुस्तकांचा विषय काढला की पहिला प्रश्न हाच येतो की "म्हणजे एपिसोडच लिहून काढलाय ना?" काही वेळा हो, पण बहुतेक वेळा नाही, आणि जेव्हा नाही तेव्हाच हा प्रकार खरा इंटरेस्टिंग होतो, म्हणून जरा नीट सांगतो.

दुकानात मुखपृष्ठावर टीव्हीचा नट दिसला की तीन वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात. एक म्हणजे जुनीच कादंबरी, फक्त कव्हर बदललेलं, मालिका हिट झाली म्हणून त्यावर नटाचा फोटो टाकला, आत एक अक्षर पण बदललेलं नसतं. दुसरी म्हणजे स्क्रिप्टवरून लिहिलेली कादंबरी, गोष्ट तीच, खुनी तोच. आणि तिसरी म्हणजे डिटेक्टिव्ह, त्याचे सहकारी, त्याचं गाव सगळं मालिकेतलं पण केस पूर्ण नवीन, जी टीव्हीवर कधी आलीच नाही. मी मुख्यतः या तिसऱ्या प्रकाराबद्दल बोलतोय कारण लेखकाचा कस सगळ्यात जास्त तिथे लागतो.

हे सुरू का झालं ते समजायला फार कष्ट पडत नाहीत. १९५०-६० च्या काळात एपिसोड एकदा लागला की गेला, व्हिडिओ कॅसेट नाही, यूट्यूब तर नाहीच, रिपीट दाखवतील तेव्हा दाखवतील. आवडत्या डिटेक्टिव्हला परत भेटायचं तर स्वस्तातलं पेपरबॅक घ्यायचं. 'ड्रॅगनेट' या अमेरिकन पोलीस मालिकेची अशी पुस्तकं निघाली, रिचर्ड डेमिंग नावाच्या लेखकाने लिहिली, आणि त्यानेच पुढे १९७० च्या दशकात मॅक्स फ्रँकलिन या टोपणनावाने 'स्टार्स्की अँड हच' ची पण लिहिली. आणि हे काम फक्त फुटकळ लेखक करायचे असं कोणाला वाटत असेल तर १९६७ चं 'आयर्नसाइड' बघा, व्हीलचेअरवरच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या पोलीस अधिकाऱ्याची मालिका, तिची कादंबरी जिम थॉम्पसनने लिहिली, जो अमेरिकेतल्या सगळ्यात काळ्याकुट्ट क्राइम कादंबऱ्यांसाठी ओळखला जातो. घर चालवायला काम घेतलं असेल, पण घेतलं.

आता पैशाचा आणि मालकीचा भाग. साध्या कादंबरीत पात्र लेखकाचं असतं. इथे पात्र स्टुडिओचं. पब्लिशर स्टुडिओकडून परवानगी विकत घेतो, लेखक ठरवतो, लेखक आधी गोष्टीचा आराखडा लिहून देतो, तो स्टुडिओ वाचतो, मग हो म्हटलं की लिहायचं, लिहून झालं की परत स्टुडिओ वाचतो. कॉपीराइट साधारणपणे स्टुडिओच्या नावावर, आणि रॉयल्टी असलीच तर स्वतःच्या कादंबरीपेक्षा बरीच कमी कारण त्यातला वाटा पात्राच्या मालकाला जातो. भाड्याच्या घरात राहण्यासारखं आहे हे. पडदे तुमच्या आवडीचे लावा, पण भिंत पाडायची नाही.

ही भिंत म्हणजे काय? तर डिटेक्टिव्ह जसा पुस्तकाच्या सुरुवातीला असतो तसाच शेवटी राहिला पाहिजे. लग्न करायचं नाही, मरायचं नाही, नोकरी सोडायची नाही, आयुष्यभराचं दुखणं बरं करायचं नाही, कारण पुढच्या आठवड्यात टीव्हीवर तो तसाच दिसणार आहे. विचार करा, कादंबरी हा प्रकार ज्यावर उभा असतो तीच गोष्ट, म्हणजे माणूस बदलणं, तीच काढून घेतलेली. मग चांगले टाय-इन लेखक काय करतात तर बदल आजूबाजूच्या लोकांमध्ये घालतात. ज्याचा खून झाला त्याचं कुटुंब, साक्षीदार, एखादा जुना मित्र, यांची आयुष्यं उलटीपालटी होतात आणि डिटेक्टिव्ह त्यातून चालत जातो. किंवा मालिकेने कधी हात न लावलेली रिकामी जागा शोधतात. 'मर्डर, शी रोट' ची नायिका जेसिका फ्लेचर मालिकेत गाडी चालवत नाही, तिला येतच नाही. पहिल्या कादंबरीत तिला गाडी चालवताना दाखवलं गेलं तर वाचकांनी लगेच पकडलं आणि नंतरच्या आवृत्तीत ते दुरुस्त करावं लागलं. पण पुढच्या कादंबऱ्यांमध्ये त्यांचा लेखक डोनाल्ड बेन याने तिला विमान चालवायला शिकवलं! गाडी येत नाही पण पायलटचं लायसन्स आहे. मालिकेचं काहीही मोडलं नाही आणि बाईंच्या स्वभावात एकदम एक नवीन खोली उघडली. मला हे फार आवडतं.

डोनाल्ड बेनचं नाव निघालंच तर कव्हरबद्दल पण सांगतो. त्या पुस्तकांवर लेखक म्हणून 'जेसिका फ्लेचर आणि डोनाल्ड बेन' असं छापलेलं असतं, कारण मालिकेत जेसिका स्वतः रहस्यकथा लेखिका आहे. बेन २०१७ मध्ये गेला, त्यानंतर जॉन लँड आला, मग टेरी फार्ली मोरान, जेसिकाचं नाव मात्र कायम. 'कॅसल' या मालिकेने (२००९ ते २०१६) तर अजून पुढची पायरी गाठली. त्यातला नायक रिचर्ड कॅसल हा कादंबरीकार, तो मालिकेत ज्या कादंबऱ्या लिहितो त्या खरोखर दुकानात आल्या, लेखकाचं नाव रिचर्ड कॅसल, मागे फोटो त्या नटाचा, नेथन फिलियनचा, आणि पहिलं पुस्तक 'हीट वेव्ह' न्यूयॉर्क टाइम्सच्या बेस्टसेलर यादीत गेलं. जो माणूस अस्तित्वातच नाही त्याचं पुस्तक लोकांनी रांगेत उभं राहून घेतल्यासारखं खपलं.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं. टीव्हीवर डिटेक्टिव्ह आपल्याला बाहेरून दिसतो. त्याचा चेहरा दिसतो, डोक्यात काय चाललंय ते दिसत नाही, आणि सगळी मजा त्यातच असते. पुस्तकात चेहरा नाही. तिथे शब्द आहेत, आणि शब्द सुरू झाले की पहिला प्रश्न येतो, हे सांगतंय कोण? या एका प्रश्नाचं उत्तर बरोबर आलं तर टाय-इन कादंबरी जमते, चुकलं तर एपिसोडचा सारांश वाचल्यासारखं वाटतं. बाकी सगळं नंतर.

उदाहरण घेऊनच बघू. समजा एक मालिका आहे, मी आत्ता बनवतोय, ठाण्यातला इन्स्पेक्टर सुर्वे. नौपाड्यात एका जुन्या बिल्डिंगमध्ये एकटे राहणारे रिटायर्ड गृहस्थ मेलेत. टीव्हीवर सीन असा: सुर्वे दारातून आत येतो, चपलांच्या स्टँडकडे बघतो, कॅमेरा स्टँडवर, कॅमेरा परत चेहऱ्यावर, सुर्वे किंचित हसतो, म्युझिक, कट. दहा-बारा सेकंद. प्रेक्षकाला कळलं की याला काहीतरी दिसलंय, काय ते कळलं नाही, तो पुढे बघणार.

हेच पुस्तकात लिहायचं तर? "सुर्वेने चपलांच्या स्टँडकडे बघितलं आणि तो हसला." यात काहीच नाही, वाचक म्हणेल बरं मग? दुसरा मार्ग, सुर्वेच्या डोक्यात शिरा: "सँडल ओला होता आणि चार दिवसात पाऊस पडला नव्हता, सुर्वेच्या लगेच लक्षात आलं." झालं, विसाव्या पानावर क्लू फुटला, आता उरलेली दोनशे पानं काय करायची. आणि डोक्यात शिरून पण ती गोष्ट लपवली तर वाचकाला फसवल्यासारखं वाटतं, आणि ते बरोबरच आहे, ज्याच्या डोक्यात आपण बसलोय त्याला माहीत असलेलं आपल्यापासून लपवणं हा रहस्यकथेत अन्यायच मानला जातो.

मग तिसरा मार्ग. बरोबरच्या कॉन्स्टेबल माने बाईंना बोलू द्या:

"साहेब आत आले ते थेट चपलांच्या स्टँडपाशी थांबले. बॉडी आतल्या खोलीत, पंच खोळंबलेले, शेजारच्या काकू जिन्यात रडतायत, आणि साहेब चपला बघतायत. मी पण बघितल्या. एक कोल्हापुरी, एक रबरी स्लिपर, पावसाळी सँडल ओला होता तो, लहान मुलाचे शाळेचे बूट आणि पॉलिश केलेला काळा जोड. चार दिवस उन्हाने जीव नकोसा झाला होता, जिन्यात सुद्धा घाम फुटत होता. साहेब म्हणाले, माने, चला, चहा पिऊन येऊ."

बघा काय झालं. ओला सँडल वाचकाच्या समोर ठेवलाय, ऊन पण सांगितलंय, काही लपवलेलं नाही. पण एकट्या म्हाताऱ्याच्या घरात लहान मुलाचे बूट कुठून आले इकडेच वाचकाचं लक्ष जातं आणि सँडल निसटतो. वर कॉन्स्टेबल माने बाईंची चिडचिड पण कळली, साहेबांचा विक्षिप्तपणा पण बाहेरूनच दिसला, म्हणजे टीव्हीवर जसा दिसायचा तसाच. शंभर वर्षांपूर्वी होम्सच्या गोष्टी वॉटसन सांगायचा त्याचं कारण पण हेच होतं, ही युक्ती जुनी आहे, टाय-इन लेखकांनी ती नव्याने कामाला लावली.

ली गोल्डबर्ग या लेखकाने 'मंक' या मालिकेच्या कादंबऱ्यांत हेच केलं. डिटेक्टिव्ह एड्रियन मंक म्हणजे नट टोनी शालूब, जंतूंची भीती, उंचीची भीती, दुधाची सुद्धा भीती, प्रत्येक गोष्ट सरळ रेषेत हवी, आणि डोकं असं की खुनाच्या जागेवर एक वस्तू दोन इंच सरकलेली लगेच दिसते. असा माणूस स्वतःची गोष्ट सांगायला लागला तर आपण दहा पानात थकू. म्हणून कादंबऱ्या सांगते नॅटली टीगर, त्याची असिस्टंट, एकटी आई, कमी पगारावर काम करणारी, जिला मंकचा वैताग पण येतो आणि काळजी पण वाटते. टीव्हीवर नॅटली बाजूला उभी असते, पुस्तकात ती मध्यभागी येते, तिची मुलगी, तिचं घर, गेलेल्या नवऱ्याचं दुःख, सगळं. मालिकेने जे दिलं नव्हतं ते कादंबरीने दिलं, आणि मंकला हात पण लावला नाही. पहिल्याच कादंबरीत नॅटलीच्या मुलीसाठी मंक एका फायर स्टेशनवरच्या कुत्र्याला कोणी मारलं ते शोधतो. हे पुस्तक २००६ चं, आणि त्यावरूनच पुढे मालिकेचा एक एपिसोड बनला. म्हणजे मालिकेतून पुस्तक आणि पुस्तकातून परत मालिका. गोल्डबर्ग मूळ मालिकेसाठी पण लिहायचा म्हणून हे शक्य झालं. त्याने या पंधरा कादंबऱ्या लिहिल्या, नंतरच्या चार हाय कॉनरॅडने, तो पण मालिकेच्याच टीममधला.

आणि सगळ्यात अवघड कोण? माझ्या मते कोलंबो. पीटर फॉकचा तो चुरगळलेला रेनकोट घातलेला लेफ्टनंट. तिथे खुनी कोण हे पहिल्या काही मिनिटातच दाखवून टाकतात, प्रश्न एवढाच की कोलंबो त्याला पकडणार कसा. मालिकेत आपण जास्त वेळ खुन्याबरोबर असतो, कोलंबो मध्येमध्ये येतो, फालतू वाटणारे प्रश्न विचारतो, दारापर्यंत जातो, परत वळतो आणि अजून एक गोष्ट विचारतो. त्याला पहिल्या भेटीतच संशय आला होता का? मालिका कधीच नीट सांगत नाही. त्याची बायको, जिच्याबद्दल तो सतत बोलतो, ती कधी दिसत नाही. या माणसाच्या डोक्यात कादंबरीकाराने एकदा जरी शिरलं तरी कोलंबो संपला. १९७० च्या दशकात वेगवेगळ्या लेखकांनी आणि परत १९९० च्या दशकात विल्यम हॅरिंग्टनने कोलंबोच्या कादंबऱ्या लिहिल्या, आणि २०१० मध्ये तर मालिकेचा एक जनक विल्यम लिंक यानेच कोलंबोच्या कथांचा संग्रह काढला. कथा हा आकार कोलंबोला कादंबरीपेक्षा बरा, असं मला वाटतं, कारण इतका वेळ एखाद्याला फक्त बाहेरून बघत राहणं तीनशे पानं जमणं कठीण.

लांबीचा प्रश्न वेगळाच आहे. एक तासाच्या स्लॉटमधल्या एपिसोडचं स्क्रिप्ट साधारण एका मिनिटाला एक पान या हिशोबाने पन्नासच्या आसपास पानांचं, त्यात पण निम्मी जागा मोकळी. कादंबरी त्याच्या कितीतरी पट. म्हणून एका एपिसोडची कादंबरी पाणी घातलेल्या आमटीसारखी होते, पण पूर्ण सीझनभर एकच केस चालणाऱ्या मालिका कादंबरीला चांगल्या पचतात. डॅनिश 'द किलिंग' चा पहिला सीझन वीस एपिसोडचा, एकाच मुलीच्या खुनाचा तपास. त्याची कादंबरी डेव्हिड ह्यूसनने २०१२ मध्ये लिहिली आणि शेवट बदलला, मालिका बघितलेल्यांना पण धक्का बसावा म्हणून. धाडस आहे हे, आणि मूळ निर्मात्यांची परवानगी असल्याशिवाय होत नाही. ब्रिटिश 'ब्रॉडचर्च' ची कादंबरी एरिन केलीने २०१४ मध्ये केली. 'प्राइम सस्पेक्ट' ची गोष्ट तर अजून सोपी, लिंडा ला प्लांटने स्क्रिप्ट पण लिहिलं आणि कादंबरी पण, त्यामुळे मालक कोण आणि भाडेकरू कोण हा प्रश्नच आला नाही.

या सगळ्या लेखकांना बरीच वर्षं साहित्यातले लोक खालच्या दर्जाचे समजायचे. शेवटी ली गोल्डबर्ग आणि मॅक्स अ‍ॅलन कॉलिन्स (सीएसआय या अमेरिकन मालिकेच्या कादंबऱ्या लिहिणारा) या दोघांनी टाय-इन लेखकांची संघटनाच काढली आणि स्क्राइब नावाचे पुरस्कार सुरू केले. मला हे योग्य वाटतं. दुसऱ्याच्या पात्राला न मोडता त्यातून नवीन काही काढणं ही कारागिरी आहे आणि कारागिरीला मान मिळाला पाहिजे.

टीव्ही लेखकावर किती परिणाम करतो ते बघायचं तर कॉलिन डेक्स्टरचा इन्स्पेक्टर मोर्स बघा. कादंबऱ्या आधी, १९७५ पासून. १९८७ मध्ये मालिका आली. कादंबरीतला मोर्स लॅन्सिया चालवायचा, टीव्हीवर जॅग्वार दिली. कादंबरीतला त्याचा सहकारी लुईस वयाने मोठा होता, टीव्हीवर तरुण केला. पुढच्या कादंबऱ्यांमध्ये डेक्स्टरने स्वतःच टीव्हीप्रमाणे बदल केले! स्वतःचं पात्र, स्वतःचा कॉपीराइट, तरी टीव्हीचा चेहरा जिंकला.

आता आपल्याकडे या. बाबुराव अर्नाळकरांनी झुंजार, काळापहाड लिहिले, सुहास शिरवळकरांनी फिरोज इराणी, अमर विश्वास लिहिले, एकाच नायकाच्या मालिका वाचायची सवय मराठी वाचकाला टीव्ही यायच्या आधीपासून आहे. टीव्हीवर पण डिटेक्टिव्ह कमी नाहीत. १९८५ चा गाजर खाणारा करमचंद, सह्याद्रीवाल्या पिढीला आठवणारं 'एक शून्य शून्य', आणि १९९८ पासून वीस वर्षं चाललेलं सीआयडी, जे २०२४ च्या डिसेंबरमध्ये परत आलं, ज्यात एसीपी प्रद्युम्न म्हणजे आपले शिवाजी साटम. वाचक आहे, पात्रं आहेत, मधला पूल नाही. घोडबंदर रोडच्या सेट्सवर रोज मराठी मालिका शूट होतात, लेखक रोजचे सीन लिहितात, चांगले लिहितात, आणि एपिसोड लागला की विसरला जातो. यातल्या एखाद्या पोलीस मालिकेतल्या कॉन्स्टेबल बाईने सांगितलेली दोनशे पानांची कादंबरी का येऊ नये? मला हे मनापासून हवंय.

अडचण कुठे येते तर कागदपत्रात. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम १७ प्रमाणे नोकरीवर असताना केलेल्या लिखाणाचा पहिला हक्कदार, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा म्हणजे एम्प्लॉयर असतो. फ्रीलान्स लेखक असेल तर हक्क द्यायला कलम १९ प्रमाणे लेखी करार लागतो, सही लागते, आणि करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणजे स्वतःच्या मालिकेच्या पात्रावर पुढे कादंबरी लिहायची इच्छा असलेल्या लेखकाने सुरुवातीच्याच करारात "पुस्तकाचे हक्क" या ओळीवर थांबायचं, चॅनलकडे जातायत की आपल्याकडे राहतायत ते विचारायचं, आणि कोणी तोंडी सांगितलं तर लिहून घ्यायचं. मग काही वर्षांनी पब्लिशर आला तर बोलायला जागा राहते.

आणि वाचायलाच सुरुवात करायची असेल तर मी सांगेन मंकपासून करा, पहिल्या फायर स्टेशनवाल्या पुस्तकापासून, आधी मालिकेचे दोन-चार एपिसोड बघून घ्या म्हणजे नॅटलीच्या नजरेतून तोच माणूस किती वेगळा दिसतो ते कळेल. नंतर जेसिका फ्लेचर, ती कुठूनही उचलली तरी चालते. 'द किलिंग' शेवटी, आणि मालिका बघितल्यावरच.